बाटलीतला जोर

अंबडच्या गॅरेजमधला तो मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकतो आणि आपल्याशी बोलतानाही इंजिनाकडेच बघतो. त्याचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला.

मी स्कूटर दुरुस्तीला दिली होती. तेवढ्यात सुरगाण्याकडची जीप आली. आत द्राक्षबागेतलं काम संपवून घरी निघालेल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ड्रायव्हरने नायट्रस ऑक्साइडची बाटली पुढे केली. “घाटात गाडी दम टाकते, मामा. एवढी बसवून द्या.”

“हा वायू इंजिनात तापला की फुटतो, ऑक्सिजन सोडतो. मग डिझेल जास्त जळतं, जोर येतो. पण तुझ्या या म्हाताऱ्या इंजिनाचे पिस्टन वितळतील,” असं म्हणत तो स्टिअरिंगवर बसला. ब्रेकवर ठेवलेला त्याचा पाय थेट तळाला टेकला.

“जोर मागतोस? अरे, ब्रेक कुठंय? ही माणसं आहेत की कांद्याची पोती?”

“रोज जातो की. काय होत नाय.”

मेकॅनिकने किल्ली काढून खिशात टाकली. “उतरा, मावशी. ब्रेक झाल्याशिवाय ही गाडी हलणार नाही.”

ड्रायव्हर शिव्या देत राहिला. संताप मलाही आला होता, पण मी स्टुलावरच बसून होतो.

“मंग आमी घरी कसं जायाचं?” एका म्हातारीने विचारलं.

भर दुपारी मेकॅनिकने शटर ओढलं, स्वतःची व्हॅन काढली आणि दोन खेपांत सगळ्यांना एसटी स्टँडवर सोडलं. दुसऱ्या खेपेला त्यांची गाठोडी मांडीवर घेऊन मीही व्हॅनमध्ये बसलो.