चावीवाल्या काकांचा मेळावा

चौकातल्या चावीवाल्याला सगळे चावीवाले काकाच म्हणत. काकूंनाही त्यांचं खरं नाव कुणी विचारलं तर क्षणभर आठवावं लागे. तरुणपणी काका भिंतीला टेकून, एका मोडक्या छत्रीखाली कानस घेऊन बसायचे. पुढे त्याच रस्त्यावर त्यांचा गाळा झाला, चाव्या कापायचं यंत्र आलं, दारावर पाटी लागली. कुलूप कितीही हट्टी असो, काका त्याला कान लावून, शीळ घालत तारा फिरवायचे आणि बघता बघता ते नरम पडायचं.

मेळाव्याची टूम त्यांच्या मुलीची. दुकानाचे फोन तीच घ्यायची.

"बाबा, लोक इतकी वर्षं आपल्याकडे येतात. एकदा त्यांना बोलावून चहा पाजू, आभार मानू."

"कसले आभार? अडलं की येतात, उघडलं की विसरतात. दाताच्या डॉक्टरला कुणी सहज भेटायला जातं का?"

पण पोरीने मनावर घेतलं होतं. तिने दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत फलक लावला: 'ज्यांची ज्यांची दारं आम्ही उघडली, त्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण.' शेजारच्या शिंप्याने सुट्टीच्या दिवशी आपला गाळा मोकळा करून दिला. भाड्याच्या खुर्च्या आल्या, काकूंनी केक भाजला. काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासूनच दारात उभे. कुणी येणार नाही, असं ते दहादा म्हणाले आणि दहादा रस्त्याकडे बघून आले.

लोक आले. खुर्च्या कमी पडल्या. चहा फिरला आणि एकेकाला कंठ फुटला. एक कारकून उठून म्हणाला, "मी अंघोळ करून पेपर घ्यायला बाहेर आलो आणि मागे दार धाडकन लागलं. टॉवेलवर उभा होतो हो जिन्यात! आणि वरच्या सगळ्या बिऱ्हाडांना नेमकं तेव्हाच खाली उतरायचं होतं!" गाळा हसून हसून दणाणला. एका नर्सबाईंचा मुलगा लहानपणी आतून अडकला होता. काकांनी दार उघडलं तेव्हा गडी पिठाच्या डब्यात बसून होता. काकांना भरून आलं. आपण इतक्यांच्या उपयोगी पडलो, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

दाराजवळ एक बाई उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नव्हती, चहाही घेतला नव्हता. मुलगी कौतुकाने म्हणाली, "ताई, तुम्हीपण सांगा ना तुमची गंमत."

"माझी गंमत नाहीये," बाई म्हणाली. मग काकांकडे वळली. "पाण्याच्या टाकीजवळची पिवळी इमारत, दुसरा मजला. आठवतं का?"

काकांचे डोळे चमकले. "आठवतं तर! तुमच्या मिस्टरांनी बोलावलं होतं. लॅच उघडलं, तर आत कडी अडकलेली. ती आपोआप पडते म्हणाले. दुसरा कुणी असता तर दार फोडलं असतं. मी तार घालून अलगद सरकवली!"

"कडी अडकली नव्हती, काका. मी लावली होती. मी आतच होते."

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला आणि थांबला.

"ओट्याखाली बसले होते," ती सांगत राहिली. आवाज चढला नाही. "भावाला फोन केला होता. दार भक्कम आहे, तो येईपर्यंत टिकेल असं वाटलं. मग तारेचा आवाज यायला लागला. तुम्ही शीळ घालत होतात." तिने डावा हात पुढे केला. तो कोपरात सरळ होत नव्हता. "तुम्ही जिना उतरलात आणि त्याने दार परत लावून घेतलं."

तो माणूस त्यांना लख्ख आठवला. गोड बोलणारा, पाण्याचं विचारणारा, पाठ थोपटणारा. आतून कडी म्हणजे आत माणूस. सगळा जन्म कड्याकुलपांत गेलेल्या माणसाला एवढं सुचू नये? त्या वेळी डोक्यात एकच होतं, कडी कशी सरकवायची.

"पण बाबांना कसं कळणार होतं?" मुलगी रडवेली झाली. "त्यांनी थोडंच मुद्दाम..."

"तू गप्प बस," काका म्हणाले.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाली. "रोज इथूनच जाते. फलक वाचला. ज्यांची दारं उघडली त्या सगळ्यांना, असं लिहिलंय. म्हटलं, मीही त्यातलीच."

काका खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. "ताई, आता कुठे राहता? मी उद्याच येऊन चांगलं कुलूप बसवून देतो."

"बसवलंय," ती म्हणाली. "दुसऱ्याकडून."

ती पायऱ्या उतरून गेली. तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही. टॉवेलवाल्या कारकुनाने कप हळूच खुर्चीखाली ठेवला. एकेक जण काकांची नजर चुकवून निघाला. केक तसाच राहिला.

"अहो, घरी चला, दोन घास खाऊन घ्या," काकू म्हणाल्या. काका भाड्याच्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मी शीळ घालत होतो गं."

पुढचे काही दिवस ते दुकानात नुसत्या चाव्या कापत बसले. दार उघडायचं बोलावणं आलं की मुलगी काहीतरी सांगून टाळायची. मग पुन्हा जायला लागले, पण रीत बदलली. आधी दार वाजवायचं, हाक मारायची, कान लावून थांबायचं, शेजाऱ्याला बोलावायचं. लोक वैतागत. "अहो, माझंच घर आहे, मलाच काय चौकशी?" काका पिशवीची चेनही उघडत नसत. म्हातारा चक्रम झाला, असं बोललं जाऊ लागलं. काही गिऱ्हाइकं तुटली.

परवा एका घरी लॅच उघडलं आणि दार पुन्हा अडलं. आत कडी होती. काकांनी हाक मारली. आतून उत्तर नाही. शेजारच्या घराला कुलूप होतं.

"आत कुणी नाही, उघडा लवकर," बोलावणारा माणूस म्हणाला.

"मग कडी कुणी लावली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

काकांनी पिशवी उचलली, जिना उतरले आणि खालूनच पोलिसांना फोन लावला. माणूस वरून शिव्या देत होता. पोलीस येऊन वर गेला तरी काका रस्त्याच्या कडेला उभेच राहिले. थोड्या वेळाने पोलीस एकटाच खाली आला आणि गाडीला किक मारून निघून गेला. विचारायचं धाडस काकांना झालं नाही. आत कुणी होतं की नव्हतं, हे त्यांना आजही माहीत नाही.