ऊसतोडीच्या पोरीचं ताट

गडमुडशिंगीकडच्या एका शाळेत मी पोरांचं दुपारचं जेवण रांधते. हंगाम सुरू झाला की गावाबाहेरच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. त्यातली एक पोर आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः जाऊन आणली आणि सातवीत बसवली.

सुरुवातीला ती कुणाशी बोलायची नाही. जेवायची मात्र मन लावून. मटकीच्या उसळीत भात कालवायची आणि ताट बोटांनी पुसून काढायची. अंड्याच्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढं. "मावशी, आज अंडं हाय न्हवं?" ती आमच्यासारखं बोलायला लागली तेव्हा पोरी हसल्या, मीही हसले. हळूहळू तिचे गाल भरले. बाई म्हणायच्या, गणितात हिच्यासारखी कुणी नाही.

हंगाम संपला, ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड चढलं. "फुडच्या वर्षी येतो की मावशी," म्हणून ती गेली.

पुढच्या वर्षी खोपी उभ्या राहिल्या. मी रोज वाट बघायची. एका दुपारी ती फाटकाशी दिसली. अंगावर साडी, गळ्यात काळी पोत, हातात प्लास्टिकची घागर.

"आत ये की गं. जेवून जा."

"नको मावशी. मी आता शाळंत न्हाय."

"का?"

"लगीन झालं माझं. नवऱ्यासंगं तोडीला आलेय."

मी तिला हाताला धरून स्वयंपाकखोलीत आणलं, ताट वाढलं. तिनं भात कालवला आणि तशीच बसली. बाहेर तिच्या वर्गातल्या पोरी ताटं धूत खिदळत होत्या.

"त्या आठवीत गेल्या?" तिनं विचारलं.

"व्हय."

घास काही तिच्या तोंडात गेला नाही. घागर उचलून ती निघून गेली.

मी लगेच बाईंना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावले. दुसऱ्या दिवशी पोलीस आणि बालविकासची माणसं माळावर गेली, तर खोप रिकामी. टोळीतली माणसं सांगत होती, नवरा-बायको आदल्या दिवशीच गेली. कुणी निपाणीकडं म्हणालं, कुणी त्याच्याही पलीकडं. बाईंनी तिकडंही कळवलं. पत्ता लागला नाही. बाई माझ्या खोलीत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि रडल्या. मला त्यांना पाणीसुद्धा द्यायचं सुचलं नाही.

परवा पेठ वडगावच्या बाजाराला गेलते. रस्त्याकडेला जनावरांच्या चाऱ्याला उसाचे वाढे विकणारी एक पोर पाठमोरी अगदी तिच्यासारखीच दिसली. मी पळत जाऊन खांद्याला हात लावला. वळली ती दुसरीच होती. वयानं तेवढीच, कडेवर तान्हं मूल.

"काय पायजे मावशी?"

आमच्या दारात जनावर नाही. तरी मी वाढ्यांची एक पेंडी घेतली आणि घरापर्यंत उराशी धरून आणली.