माडाला तीन वेढे

‘दोरी वजनरहित आहे आणि ती ताणली जात नाही असे माना. कप्पी घर्षणरहित आहे असे माना.’ तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला मी हे वाक्य इतकी वर्षं वाचून दाखवत आले आहे की झोपेतही म्हणेन. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतली मुलं ते ऐकून हसतात. बापाबरोबर रापणीचा ओला दोर खांद्यावरून वाहिलेल्या मुलाला दोरी वजनरहित आहे असं मानायला सांगायचं म्हणजे काय! मी डोळे वटारते, ती गप्प बसतात. माझ्या नाकावर राग असतो हे त्यांना माहीत आहे. तो कुठून आला ते बाबांना पाहिल्यावर कोणालाही कळतं.

बाबा रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर उभ्या असलेल्या दोन टोळ्या ओढतात. दोन्ही दोर सारखे आत यायला हवेत, नाहीतर जाळं वाकडं होतं आणि मासे मागे पडलेल्या बाजूने पसार होतात. रापणीचा एक जुना रिवाज आहे. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. तो गावचा असो, परका असो, दोन दिवस समुद्र बघायला आलेला पाहुणा असो. हात लावला की त्याच्या पुढ्यात मूठभर का होईना, मासे पडतात.

बाबांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओढण्याचं काम कायमचं बंद केलं. त्यांच्या सोबत्यांना वाटलं, त्यात काय मोठंसं, म्हातारा येईल, दोराला हात लावून उभा राहील, वाटा घेऊन घरी जाईल. रिवाजच आहे तो. पण बाबांना ते झोंबलं. “हात लावन उभो रवान वाटो घेवचो? भिकारी झालंय काय मी?” असं म्हणून ते किनाऱ्यावर जायचेच बंद झाले. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. तो बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो रोज आठवणीने पिशवीत बांगडे घालून घरी पाठवायचा, आणि बाबा ती पिशवी तशीच परत धाडायचे. सबंध मोसम हा प्रकार चालला. रापणकाराच्या घरात आई बाजारातून मासे विकत आणायची, तेही शेजारणींची नजर चुकवून.

मासे गेले खड्ड्यात, मला त्यांचं काही नव्हतं. पण बाबा बोलेनासे झाले. ज्या माणसाचा आवाज वाऱ्याच्या उलट्या दिशेला दुसऱ्या टोळीपर्यंत पोचायचा, तो टीव्हीसमोर बसून जाहिरातीसुद्धा गप्प राहून बघायचा. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं तरी “बरा, तू म्हणतस तसा” एवढंच म्हणायचे. त्यांना त्यांचं काम परत मिळायला हवं होतं, आणि ते खरं काम हवं होतं. दयेचं त्यांनी घेतलं नसतं.

मग काय, फिजिक्सची बाई कामाला लागली. पुढचा मोसम सुरू झाल्यावर मी कप्प्यांचा जोड आणला. एक कप्पी माडाला बांधली, दुसरी रापणीच्या दोरावर घट्ट गाठ मारून बसवली. सरकत्या कप्पीने निम्मा जोर लागतो, बाबांसारखी दोन-तीन म्हातारी माणसं मिळून तरण्याबांड टोळीचं काम करतील, असं मी तांडेलाला फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. तो मान हलवत राहिला. बाबा यायला तयार नव्हते. “माका पिंगुळीची बावली करतलंस काय? दोरी बांधून नाचवतलंस?” असं कुरकुरत का होईना, आले.

जोर निम्मा लागला, ह्यात काडीची चूक नाही. पण निम्म्या जोराने ओढायचं तर दोर दुप्पट ओढावा लागतो, हेही त्याच धड्यात लिहिलंय. ते मी वर्गात सांगते आणि वाळूवर विसरले. पलीकडची टोळी आपल्या चालीने दोर घेत होती आणि आमची बाजू गोगलगायीसारखी. रापण तिरकी झाली. बांगडे आमच्याच पायांसमोरून, उन्हात चमकत, सावकाश बाहेर निघून गेले. तांडेलाने कपाळाला हात लावला. “तुझी कप्पी घराक घेवन जा गो बाय. म्हावरा काय तुझ्या कप्पीसाठी थांबाचा नाय.”

माझं चांगलंच हसं झालं. बाबा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कोणी त्यांना काही बोललंही नाही. सगळे माझ्यावर तुटून पडले आणि बाबांना कोणीतरी अदबीने बसायला टोपली उलटी करून दिली. त्यांनी त्या टोपलीकडे असं पाहिलं की मला कप्पी समुद्रात फेकावीशी वाटली.

नंतर काही दिवस मी कॉलेजातून येताना स्कूटर थांबवून नुसती रापण बघत उभी राहायचे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ओढणारे मागे मागे चालत वर येतात, मग दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला धावतात आणि नव्याने पकडतात. ह्या अदलाबदलीत उरलेल्यांना सगळा भार पेलावा लागतो, आणि परतणारी लाट जाळं मागे खेचते. कमावलेला हातभर दोर परत समुद्राच्या घशात जातो. म्हणजे दमछाक ओढण्यात होत होती तितकीच धरून ठेवण्यात होत होती.

आणि धरून ठेवायला जोर लागतच नाही. दोर झाडाला गुंडाळा. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण भार खात जातं, आणि तेही बेरजेने नाही, गुणाकाराने. तीन वेढ्यांनंतर शेपटाकडे, म्हणजे दोराच्या मोकळ्या टोकाकडे, इतका थोडा ताण उरतो की आजारी माणूसही दोन बोटांनी तो अडवू शकतो. ज्या घर्षणाला आम्ही पहिल्याच ओळीत ‘नाही असे माना’ म्हणून हाकलून देतो, तेच इथे उपयोगाला येणार होतं. मला इतका आनंद झाला की स्कूटरची किल्ली लावायला विसरून मी नुसतीच किक मारत बसले.

रविवारी सकाळी तांडेलाच्या हातापाया पडून मी पुन्हा परवानगी मिळवली. बाबांना चला म्हटलं, तर ते “बरा” म्हणून मागोमाग आले. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला माडांची रांग आहे. टोळी जशी सरकेल तसं दोराचं शेपूट जवळच्या माडाला गुंडाळायचं. टोळी ओढेल तेव्हा बाबांनी ढिला पडलेला दोर वेढ्यांतून काढून घ्यायचा, टोळी थांबेल तेव्हा नुसता धरायचा. नायलॉनचा दोर ओला असला की घसरतो, म्हणून दोनवर न थांबता तीन वेढे. लाट परतली, दोर ताणून कुरकुरला, आणि हललाही नाही. ओढणाऱ्यांनी चक्क हात सोडून घाम पुसला. तांडेल माडापाशी येऊन वेढे बघून गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोळीनेही एका माणसाला माडाला लावून दिलं.

माझा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही. वाटे पडले तेव्हा बाबांनी त्यांच्या पुढ्यातले मासे पायाने बाजूला सारले. “ह्या काय काम न्हय. काम माड करता. माडाक दी वाटो.”

हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. जवळजवळ सगळा भार माडच घेत होता. मी उलटसुलट वाद घातला, शेपटाशिवाय वेढे धरत नाहीत म्हणून सांगितलं, आवाज चढवला. ते म्हणाले, “बरा, तू म्हणतस तसा.” पुन्हा तेच. पण रोज सकाळी माडापाशी जात होते, एवढं मात्र झालं. मासे न घेता परत यायचे, आणि आई पुन्हा बाजारात.

मग एके दिवशी रापण जड आली. मी सुट्टीमुळे किनाऱ्यावरच होते. जाळं जवळ आलं होतं, पाण्यावर मासे उसळताना दिसत होते, आणि पलीकडची टोळी हावरटपणे भराभर ओढत पुढे गेली. आमच्याकडे नेमकी अदलाबदल चालली होती. निम्मे लोक दोर सोडून पाण्याकडे धावत होते, बाकीच्यांनी बाबांच्या भरवशावर हात सैल सोडले होते. आणि बाबांना ती पलीकडची घाई दिसली. जन्मभराची सवय. दुसऱ्या टोळीला थांबवायचं तर दोन्ही हात वर करून ओरडायचं असतं.

बाबांनी दोन्ही हात वर केले.

माडावरचे वेढे भिरभिरत सुटले. दोर सापासारखा सळसळत समुद्राकडे पळाला, जे धरून होते ते तोंडावर आपटले, एकजण सरळ पाण्यात. जाळ्याचा काठ उचलला गेला आणि केवढे तरी बांगडे निसटले. सगळ्यांनी धावून दोर पकडला म्हणून बाकीची रापण तरी हाती लागली. बाबा तसेच उभे होते, रिकामे हात वर.

तांडेल तोंडातली वाळू थुंकत उठला. “आवशीक खाव तुझ्या! झोपलंस काय रे? दोर सोडलंस कित्याक? इतकी माणसां तुझ्यार सोडून आमी हात ढिले केले, आणि तू नाचतस?” मागून बाकीचेही सुरू झाले. कोणी म्हातारा म्हटलं, कोणी आंधळा. मी मध्ये पडायला निघाले, डॉक्टर, छाती, ऑपरेशन, सगळं ओठांवर आलं होतं. मग मी बाबांचा चेहरा बघितला आणि जागच्या जागी थांबले. ऑपरेशनपासून कोणी त्यांच्यावर ओरडलं नव्हतं. ते लालबुंद झाले होते आणि उलट ओरडत होते. “ते पलीकडचे पळतत ता दिसला नाय तुका? कोण थांबवतलो तेंका? तुझो सासरो?” माडांवरचे कावळे उडाले एवढा तो आवाज. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

वाटे पडताना तांडेलाने बाबांच्या पुढ्यात इतरांच्या निम्मेच मासे टाकले. दोर सोडणाऱ्याला निम्मा वाटा, असा रापणीचा दंड आहे. बाबा त्या मासळीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा पायाने सारतात. त्यांनी खाली वाकून एकेक बांगडा उचलला, वाळू झटकली आणि लुंगीच्या ओच्यात भरला.

घरी आई ओसरीवर होती. ओच्यातले मासे बघून ती उठूनच उभी राहिली, मग तिच्या सवयीने तिने ते नजरेने जोखले. “अर्धोच वाटो? कित्याक?”

“माझी चूक झाली,” बाबा म्हणाले. मग आईला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, आणि बहुतेक शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून, मोठ्याने पुन्हा म्हणाले, “माझ्या हातान दोर सुटलो. माझ्यामुळे सगळे पडले.”

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं झालं आणि बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.