इरफानचा दम

सायखेड्याच्या सभेसाठी पत्रकांच्या घड्या घालत होते, तेव्हा गणेशचा फोन आला. एरवी टवाळीशिवाय न बोलणारा गणेश एवढंच म्हणाला, "इरफान गेला गं..." इरफानच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती. बातमी कधीतरी येणार हे आम्हाला ठाऊक होतं, तरी हातातली ती घडी काही केल्या नीट बसेना.

आम्ही तिघं अकरावीला एका वर्गात होतो. इरफानच्या चुलतभावाने दुबईहून एका खेळाचं पुस्तक आणलं होतं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि इरफान सांगेल त्या जंगलात, किल्ल्यात शिरायचं. जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने एकट्याने वाचलं आणि आम्हाला नियम तोंडी शिकवले. पात्र किती मार सोसू शकतं याचा एक आकडा असे, 'हिट पॉइंट्स'. इरफान म्हणाला, "आपण दम म्हणू." त्या खेळाचे चित्रविचित्र फासे नाशकात कुठे मिळेनात, म्हणून त्याच्या अम्मीने चिंचोके फोडून दिले. लढवय्याने दहा अर्धे चिंचोके फेकायचे, पंडिताने चार. जितक्यांची पांढरी बाजू वर पडेल तितका दम, पात्र धडधाकट असेल तर वर आणखी दोन. तेवढे अख्खे चिंचोके पुढ्यात मांडायचे आणि मार बसला की डब्यात परत टाकायचे.

मी पत्रकं वाचत वाढलेली. पहिल्याच रविवारी उभी राहिले. "तलवारवाल्याला दहा आणि पंडिताला चार? जीव सगळ्यांचा सारखा!"

"पुढारीणबाई, बाहेर असतो का सारखा?" इरफानने विचारलं.

"नसतो, म्हणून तर इथे हवा!"

येवल्याचा गणेश वैतागला. "लय झालं भाषण. फेक आता!"

इरफानने नियम बदलला नाही. मात्र गेलेला दम परत मिळवायची एकच वाट त्याने सांगितली होती... दुसऱ्याने आपल्या पुढ्यातला काढून द्यायचा. त्यासाठी मागावं लागे. मला मागायचा भारी कमीपणा. "माग की, लाजतेस काय!" इरफान डिवचायचा. मग कंजूष गणेशच कुरकुरत दोन चिंचोके माझ्याकडे सरकवायचा, "घे, मरू नको."

पुढे पुण्याच्या हॉस्टेलवर तोच खेळ दिसला. लढाईत सगळ्यांची पात्रं अर्धमेली झाली, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "चला, पात्रांची रात्रीची झोप झाली. सगळे पॉइंट्स परत." मी विचारलं, "कोणी दिले?" सगळ्या हसल्या. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

सुट्टीत तडक इरफानचं घर गाठलं. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकला होता. "तू आम्हाला नियम चुकीचा शिकवलास!" मी ओरडले.

"चुकीचा नाही, एक गाळला." त्याने श्वास सावरला. "झोपून उठलं की सगळं भरून येतं... असा खेळ मी कुठल्या तोंडाने चालवू? आणि सारखं करा म्हणून बोंब कोण मारत होतं? घे, केलं सारखं. आता सगळ्यांनाच मागावं लागतं."

त्याच्या त्या बोलण्याने माझी एकही मागणी कमी झाली नाही, पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक ओळ वाढली: ते देतील तेव्हा देतील, तोवर आपण एकमेकांना काय देणार? ही ओळ कोणाची, असं लोक विचारतात. आज सांगते, ती इरफानची.

मातीनंतर काही दिवसांनी अम्मीने चिंचोक्यांचा तो पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "ले जा बेटा," त्या रडता रडता हसल्या, "इसकी तो चटनी भी नहीं बनती." आता तो माझ्या टेबलावर असतो. त्यातले माझे कुठले, गणेशचे कुठले, इरफानचे कुठले, ओळखू येत नाही.

परवा आमची एक सभा उधळली गेली. घरी येऊन बराच वेळ त्या डब्यात हात घालून बसले. मग गणेशला फोन लावला.

"दम संपला रे."

पलीकडून त्याने विचारलं, "किती देऊ?"