जीवनसत्त्व कमी आहे, एवढंच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आज बोलायला बसलेय, तर — सगळंच सांगते.

मी साताऱ्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. डोळा हा माझा आवडता धडा. डोळ्याच्या पडद्यावर एक प्रथिन असतं. त्यात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक चिमुकला रेणू वाकून बसलेला असतो. उजेड पडला की तो सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि मेंदूला निरोप जातो. कमी उजेडात आपण चालतो ते याच्याच जिवावर.

माझा धाकटा भाऊ विलास कोरेगावला असतो. दिवेलागणीला तो उंबऱ्याला अडखळायचा. लग्न ठरलं तसं मीच त्याला सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांत थेंब घालून तो बाहेर बसला होता. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते प्रथिनच याच्यात जन्मापासून चुकीचं घडतंय, म्हणाले. पेशी हळूहळू मरणार, नजर कडेनं आकसत जाणार. उपाय नाही. मुलांतही उतरू शकतं. "तुम्ही शिकवता, तुम्हीच त्यांना समजावून सांगा."

मी बाहेर आले.

"काय म्हणाले गं?"

"जीवनसत्त्व कमी आहे, एवढंच."

का बोलले असं? लग्न मोडेल म्हणून? की त्याचा उतरलेला चेहरा मला बघायचा नव्हता? दुसरं कारणच खरं असावं.

आणि तेवढ्यावरच थांबले असते तर — पण साखरपुड्यात सुरेखानं, त्याच्या होणाऱ्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. पाटणकडची, सरळ मुलगी. "ताई, तुमी शिकलेल्या. त्यांच्या डोळ्यांचं काय काळजीचं न्हाई न्हवं?"

मी म्हणाले, "काही नाही गं."

पुढं नजर आकसत गेली, दुसऱ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांसारखीच चकित झाले. म्हणजे — तसं दाखवलं. आता विलासला नळीतून पाहावं तेवढंच दिसतं.

यंदा त्यांची नऊ वर्षांची लेक संध्याकाळी भिंत चाचपत चालायला लागली. तपासलं. बापाचंच आलंय.

परवा सुरेखा माझ्याकडे येऊन रडली. मग डोळे पुसून, उलट माझाच हात धरून म्हणाली, "आदी कळलं असतं तर... पण तुमाला तरी कुठं ठावं हुतं, वन्सं?"

मला ठाऊक होतं. तिनं विचारलं त्याच्या आठ दिवस आधीपासून.

मी म्हणाले, "हो ना गं."