बायकोकडून हरलेला जपानी खासदार

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता विसरलो, पण कॅम्प पाच वस्तीतल्या लॉजवरून आणलेला तो जपानी माणूस मला अजून जसाच्या तसा दिसतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी उल्हासनगरात पोलीस उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपत होती, तोच लॉजचा सिंधी मालक धापा टाकत आला.

"साहेब, माझ्याकडे एक जपानी उतरलाय. बोलतो, मैं उधर का एमपी था. पण साहेब, मराठी बोलतो! जपानी ऐसा होता है क्या?"

त्याच महिन्यात आम्ही एक बनावट कस्टम अधिकारी आणि एक बनावट डॉक्टर धरला होता. बनावट खासदार तेवढा राहिला होता. मी घाईघाईने वरिष्ठांना फोन करून 'आंतरराष्ट्रीय तोतया' सापडल्याचं कळवूनही टाकलं.

शिपायांनी त्याला ठाण्यावर आणलं. माणूस पंचावन्नच्या आसपासचा. अंगात इस्त्रीचा सूट, पायात लॉजच्या रबरी चपला. त्याने पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला. मी तो बाजूला ठेवला. हवा तो शिक्का बनवून देणारे आमच्या हद्दीत कमी नव्हते.

"धंदा काय?"

"राजकारण. आता बंद हाय."

मग त्याने कारकीर्द सांगितली. आधी गावची पंचायत, मग प्रांताची सभा, दोनदा संसद, एकदा उपमंत्री. मी जबाब भराभर लिहून घेत होतो.

"मग बंद का?"

"मागच्या निवडणुकीत पडलो."

"कोणी पाडलं?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "बायकोनी."

"विरोधात प्रचार केला?"

"नाय ओ. उभी राहिली. निवडून पण आली."

आमच्या जुन्या हवालदारांनी मला बाहेर बोलावलं. "साहेब, माणूस खरा आहे."

"कशावरून?"

"तोतया जिंकल्याचं सांगतो. बायकोकडून पडलो, हे कोण बनवून सांगेल?"

मी आत येऊन चहा मागवला आणि नीट विचारलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. जवळच कात्रपला, तिथल्या फोरमनच्या घरी राहिला. फोरमन मूळचा वांगणीकडचा, मराठी हा त्याच्याकडूनच शिकला. सुट्टीच्या दिवशी फोरमन त्याला पाड्यांवर न्यायचा, प्रत्येक ओट्यावर बसवायचा. जपानला परतल्यावर पहिली निवडणूक त्याने तशीच लढवली, दारोदार बसून. उपमंत्री झाल्यावर गाडी आली आणि बसणं संपलं. बायको मात्र त्या घरांत जात राहिली. त्यावरून भांडणं झाली, ती घर सोडून गेली आणि थेट अर्ज भरला.

"तिचं बरोबर होतं," तो म्हणाला. "पण हे सांगायचं कोणाला? म्हणून मित्राला शोधायला आलो."

मी पासपोर्टवरच्या नावाची चौकशी करायला जपानी वकिलातीत फोन लावला आणि एका शिपायाला कात्रपला पाठवलं. फोरमनची बायको रिक्षाने आली. त्याला पाहताच म्हणाली, "अगं बाई, भाऊजी! केवढे वाळलात!"

तो कमरेतून वाकला. "वहिनी, दादा कुठे?"

"ते गेले हो. दोन वर्षं झाली."

तो खाली बसला. मग त्याने बाईंना घरची हकिगत सांगितली.

"तिचं बरोबर होतं म्हणता," वहिनी म्हणाल्या, "मग तिला सांगायचं सोडून इथे काय करताय?"

दुपारी वकिलातीने खात्री दिली. त्यांनी तिकडेही कळवलं असावं, कारण तासाभराने थेट त्याच्या बायकोचाच फोन आला. त्याने ताठ उभं राहून रिसीव्हर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून वाकून वाकून बोलत राहिला. सगळं ठाणं काम टाकून बघत होतं.

"काय म्हणाली?" वहिनींनी विचारलं.

"संसदेत पहिलं भाषण हाय तिचं. विचारते, चुका कोण काढणार?"

"मग निघा की!"

तो त्याच आठवड्यात परतला. वरिष्ठांनी मला काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तेव्हापासून चौकशीत नाव-पत्ता झाला की मी घरी कोण कोण असतं, हे विचारायला लागलो. निम्मी माणसं तिथेच खरं बोलायला लागतात. उरलेली रडतात, आणि मग खरं बोलतात.