आमच्या दारातली आम्रपाली

मी सातवीत होते. भांडुपला बैठ्या चाळीत आमची शेवटची खोली, त्यामुळे मागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. जुलैतल्या एका रविवारी वडील तिथे लावायला आंब्याचं कलम घेऊन आले. जात आम्रपाली. तेव्हा ती नवीनच निघाली होती. त्यांच्या कारखान्यातल्या एकाचा भाऊ रोपवाटिकेत कामाला होता, त्याने दिलेलं.

वडील घाटावरचे, आई मालवणकडची. रागावली की मालवणीत बोलायची.

"माका दारात आंबो नको," ती म्हणाली.

"अगं, बुटकं झाड आहे हे. खाली उभं राहून आंबे काढता येतात. चढायचं कामच नाही."

"नको म्हटलंय ना!"

माझा मामा गावी आंबे काढताना झाडावरून पडून गेला, एवढं मला माहीत होतं. तो पडला तेव्हा दहा वर्षांची आई त्याच झाडाखाली टोपली घेऊन उभी होती, हे वडिलांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. आई स्वतः त्याविषयी कधीच बोलली नव्हती.

वडिलांनी वाद घातला नाही. कलम पिशवीतच पायरीवर राहिलं. पावसाने उघडीप दिली आणि पानांनी माना टाकल्या. एका सकाळी भांडी घासून झाल्यावर आईने त्याला तांब्याभर पाणी घातलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "झाडाचो काय दोष?"

पुढच्या रविवारी वडिलांनी खड्डा खणला.

दुसऱ्या वर्षी मोहोर आला, तो वडिलांनी खुडून टाकला. झाड आधी पोसू दे, म्हणाले. आई भडकली. "इलेलो मोहर कोण खुडता?" दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

चौथ्या वर्षी, बाजारातला हापूस संपल्यावर, जूनमध्ये आंबे तयार झाले. झाड माझ्या डोक्याच्या थोडंसंच वर. वडील कात्री घेऊन पुढे झाले तर आई म्हणाली, "द्या हकडे." सगळे आंबे तिनेच उतरवले.

गवतात आठवडाभर ठेवल्यावर ते पिकले. साल हिरवटच, आत गर गडद केशरी. आईने पहिला आंबा देवापुढे ठेवला, दुसरा मामाच्या नावाने. मग आमच्यात बसून ती त्याच्याविषयी बोलायला लागली. तो शीळ कशी घालायचा, मोठे आंबे तिच्यासाठी कसे लपवून ठेवायचा. बोलता बोलता तिने दोन आंबे खाल्ले आणि तिसरा कापायला घेतला.